कमरेचा पट्टा

आयात खुली होताच हिंमतरावांनी खडकीतल्या कंपनीसाठी परदेशी संगणक मागवले. कस्टम्सनं ते अडकवले, काम ठप्प. त्याविरुद्ध अपिलाची मुदत नेमकी पितृपक्षात संपत होती. त्या पंधरवड्यात नव्या कागदावर सही नको, म्हणून हिंमतराव थांबले. "पितर आडवे आले, असं ट्रिब्युनलला लिहू?" म्हणत वकीलबाईंनी माफीच्या अर्जात उशिराचं कारण कंबरदुखी लिहिलं. सुनावणीला हिंमतराव कमरेला पट्टा आवळून गेले. ट्रिब्युनलच्या साहेबांनी अर्ज वाचून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. "भाद्रपदात धरलेली कंबर बरोबर घटस्थापनेला मोकळी झाली?" हिंमतरावांना पट्ट्याखाली घाम फुटला. "पितृपक्ष होता, साहेब." वकीलबाईंनी डोळे मिटले. "संगणक मागवता आणि सही पंचांग बघून करता?" साहेब गरजले. मग हसू दाबत म्हणाले, "विलंब माफ." हिंमतराव टुणकन उठले. कारकुनानं हुकूम पुढे केला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "सही उद्या. आज अमावास्या आहे."