एकाचीच रजा

हे लिहिणारच नव्हतो. पण लिहितो.

मी आणि रूममेट अवधूत केनियाला सफारीला जाणार होतो. दोह्यात वर्ल्ड कप तोंडावर आला आणि आमच्या स्टेडियमच्या साइटवर दोघांत एकालाच रजा मिळाली, मला. तर हा रडायलाच लागला, "आई ॲडमिट आहे रे." मी माझी रजा त्याला दिली. "यल्ला, पळ! सफारी नंतर बघू."

काल त्याच्या आईचा फोन आला. आवाज एकदम ठणठणीत. "अवधूत फोन उचलत नाही रे. सिंहांच्या जंगलात रेंज नसते का? तुला साहेबांनी रजा नाकारली म्हणून फार हळहळत होता बिचारा."



मी अवधूतला मेसेज टाकला, "काकूंना तू ॲडमिट केलं होतंस, हे त्यांना कधीच सांगणार नाही. प्रॉमिस."