छत्रीवालं मांजर

“पुन्हा मांजर?” पालिकेच्या तक्रार खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“पुन्हा. या वेळी छत्री घेऊन उभं आहे,” मावशी म्हणाल्या. “सरकारी भिंत आहे ती, कुणाच्या घरची पाटी नव्हे.”

कारकुनाने निमूट तक्रार लिहून घेतली. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या या मावशींशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तो केव्हाच शिकला होता.

नियम साधा होता. सार्वजनिक भिंत कुणी खराब केली आणि तक्रार आली, की पालिकेचा रंगारी येऊन ती पांढरी करून जाणार. ही भिंत नेमकी मावशींच्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून दिसायची, आणि मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे.

रंगारी दुसऱ्या सकाळी आला. हातात बादली, डोक्यावर कागदाची टोपी, तोंडात शीळ. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. मावशींनी तर लग्नच केलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांचे लग्नाचे कपडे शिवता शिवता आपलं राहून गेलं, असं त्या हसत सांगत.

“पुसायला जिवावर येतं हो, बाई,” तो भिंतीकडे पाहत म्हणाला. “काय झोकात उभं आहे. आमचं आयुष्य रंगात गेलं, पण चित्राच्या नावाने शंख. शाळेत मांजर काढलं, तर मास्तर म्हणाले, झाडू छान आलाय.”

“कौतुक पुरे. अशानेच पोरं सोकावतात,” मावशींनी खिडकीतून चहाचा कप पुढे केला.

“बोटाला काळं काय लागलंय?”

“मशीनचं तेल. प्या, गार होईल.”

भिंत ती केवढी, पण रंगाऱ्याला तिथे दुपार व्हायची. कधी पहिला हात वाळत नसे, कधी ब्रशचे केस गळत. आत मशीन चालायचं, बाहेर शीळ, आणि मधल्या खिडकीतून गप्पा. अशा दिवशी मावशी स्वतःशीच गुणगुणत.

अशाच एका दुपारी कारकून खूश होऊन गल्लीत आला. “मावशी, आता निश्चिंत राहा. साहेबांनी इथे पहारेकरी बसवायचं ठरवलंय. सापडला की दंड, वर पेपरात फोटो.”

मावशींचा चेहरा उतरला. “एवढं कशाला? पोरवय असतं.”

“घ्या. तक्रार तुमचीच ना?”

पहारेकरी भिंतीशी खुर्ची टाकून बसला. भिंत पांढरीशुभ्र राहिली. रंगाऱ्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला बागेचं कुंपण रंगवायला पाठवलं.

“जिंकलात हो,” शेजारची वहिनी म्हणाली.

जिंकलेल्या मावशींनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चहा एकटीपुरता टाकायचा त्यांना कंटाळा येऊ लागला. तो माणूस आता पुन्हा कशाला येतोय, या विचाराने त्यांना मनापासून वाईट वाटायचं, आणि हे सांगणार कुणाला?

महिनाभर काहीच घडलं नाही, तेव्हा पहारा उठला. दुसऱ्याच सकाळी मावशींनी खिडकी उघडली आणि त्या बघतच राहिल्या.

भिंतीवर मांजर होतं. मिशा कानाला फुटलेल्या, एक डोळा पार हनुवटीपर्यंत घसरलेला, आणि शेपटी म्हणजे थेट झाडू.

मावशी पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून, ठेवणीतले कपडे घालून त्यांनी पालिका गाठली.

“तीच कार्टी?” कारकुनाने कपाळाला हात लावला.

“तीच,” मावशी म्हणाल्या. “लगेच पाठवा रंगाऱ्यांना.”

घरी येऊन त्यांनी दोघांच्या चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीशी उभं राहून ते मांजर पुन्हा एकदा डोळे भरून पाहिलं. या भिंतीवरचं हे पहिलंच मांजर, जे त्यांनी स्वतः काढलेलं नव्हतं.