शेवटचा तुकडा

सगळे केकभोवती गोळा झाले, तशी भाची सवयीने आपला डबा उघडू लागली. मावशीने डब्यावर हात ठेवला. "आज तो राहू दे. आज तूही हाच केक खायचा."

भाचीने आधी केककडे पाहिलं, मग आईकडे. दुधाचा थेंब जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजायचे, श्वास कोंडायचा. मावसभावाच्या मागच्या वाढदिवसाला याच घरात दुधाचा चमचा नुसता फडक्याने पुसून कोणीतरी तिच्या वाटीत घातला होता आणि सगळ्यांची वरात दवाखान्यात गेली होती. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारी मावशीच तेव्हा सगळ्यात जास्त रडली होती.

म्हणून पोरीने रीतसर उलटतपासणी सुरू केली. लोणी घातलंय का? नाही, तेल घातलंय. दूध? नाही, पीठ पाण्यात भिजवलंय. चॉकलेटचं वेष्टन? मावशीने ते जपून ठेवलं होतं. पोरीने बारीक अक्षरांवर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.

"आणि भांडं? पुसलेलं की धुतलेलं?"

"नवं कोरं आणलंय. परवापासून घरात दुधाचं टिपूस नाही. विचार काकांना."

काकांनी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून कोऱ्या चहाचा कप वर धरला. आई खुदकन हसली. मग पर्समधलं इंजेक्शन हाताशी आहे ना हे चाचपून तिने मान डोलावली.

पोरीने एक घास घेतला. मावशीचा तर जीव टांगणीलाच लागला. बराच वेळ सगळे तिच्या ओठांकडे बघत बसले, आणि पोरगी केककडे.

"आता मोठा तुकडा द्या," ती म्हणाली, आणि घरभर एकच कल्ला झाला.

बघता बघता ताटली रिकामी होत आली. शेवटच्या तुकड्यावर दोन हात एकदम पडले, एक तिचा आणि दुसरा मावसभावाचा. तो म्हणाला, वाढदिवस माझा आहे. ती म्हणाली, म्हणून काय झालं? त्याने ताटली ओढली, तिने त्याला चिमटा काढला.

आई रागावून उठली. मावशीने तिचा हात धरून खाली बसवलं. मावशीचे डोळे भरून आले होते आणि हसू काही आवरत नव्हतं.

"भांडू दे गं, ताई. पहिल्यांदाच दोघांना एकच खाऊ मिळालाय."