कुलपातले दहा

हवालदार लालासाहेब एलियाच्या घराच्या दारात उभं राहून डोकी मोजत होते, आणि एलियाची प्रार्थना सुरू होण्याआधीच थांबली होती.

"नऊ माणसं आन एक पोरगं," हवालदार म्हणाले. "चारच्या वर जमायला बंदी हाय. आणीबाणी चाललीया, ठावं न्हाई व्हय?"

पोरगं! एलियाला बंदीपेक्षा हाच शब्द जास्त झोंबला. परवाच त्याला तेरा पूर्ण झाली होती. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि तेरा पूर्ण झाली की मुलगा पुरुषांत धरतात. मिरजेत त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी, तीही बहुतेक रेल्वेतली. कधी दहा जमलेच, तर प्रार्थना निम्म्यावर यायच्या आत कोणाची तरी ड्यूटी लागायची, नाहीतर पाहुण्याची गाडी सुटायची. आज साताऱ्याचे बिन्यामिनकाका आणि सांगलीचे दोघे धरून नऊ झाले होते. दहावा एलिया. त्यासाठी त्याने सहा महिने हिब्रूची घोकंपट्टी केली होती. नेमका त्याच सुमारास आवाज फुटला. तोंड उघडलं की निम्मा आवाज बापाचा, निम्मा कोंबड्याचा.

"भाईर जीप हाय. चला ठाण्यावर."

"आज शनिवार, आमचा विसाव्याचा वार," बिन्यामिनकाका म्हणाले. "आज वाहनात बसायचं नसतं. फाशी द्यायची तर द्या, पण चालत न्या."

मग काय, वरातच निघाली. पुढे हवालदार, मागे पांढऱ्या शाली पांघरलेले दहा जण, आणि सगळ्यांच्या मागे रिकामी जीप. बाजारात लोकांना वाटलं, सत्याग्रही निघाले. फुलवाल्या बयाबाईने झेंडूचा हार थेट एलियाच्या गळ्यात घातला. कोणीतरी "जिंदाबाद!" ओरडलं आणि लगेच गर्दीत दडलं. रेल्वेत फिटर असलेल्या एलियाच्या बाबांना नोकरीच्या काळजीने घाम फुटला. एलिया मात्र छाती काढून चालत होता. एवढा थाट तर घरीही झाला नसता.

ठाण्यात फौजदारसाहेब नव्हते. हवालदारांनी कागदावर 'नऊ माणसं, एक पोरगं' लिहिलं.

"सायब येस्तवर आत बसा. ए पोरा, तू पळ रं घरी."

बाबांनी डोळ्यांनी खुणावलं, जा. घरी आईने गोड पोह्यांचा मलिदा करून ठेवला होता. एलियाला भूक लागली होती आणि कोठडीची भीतीही वाटत होती. तो जागचा हलला नाही.

"मी गेलो तर नऊच उरतील," तो म्हणाला. "नवांत प्रार्थना होत नाही. मलाही मोजा."

'मोजा' नेमकं कोंबड्याच्या आवाजात निघालं. हवालदार पोट धरून हसले. हसत हसतच त्यांनी त्याला आत घेतलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

"वा!" आतून बिन्यामिनकाका गरजले. "आता बघू, कोण गाडीला पळतो ते!"

एलिया हारासकट उभा राहिला आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडून वाचू लागला. आवाज तीनदा फुटला. बाबांचे डोळे वाहत होते. घड्याळाकडे बघणारे दोघे होते, पण बघून करतात काय? गजांबाहेर हवालदार कधी टोपी काढून उभे राहिले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अहो लालासाहेब, देवाचं करणारी माणसं ही! सोडा त्यांना. नऊ माणसं आणि एक पोरगं, एवढेच ना?"

हवालदारांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"न्हाई सायब, धा माणसं हायती," ते हळूच म्हणाले. "आन कुलूप आत्ताच नगं. धाव्याचं वाचून हुस्तवर एकबी हलाय नगं."