पडलेल्या वीरांचा कोपरा

"नवा खेळ पुन्हा पुढे ढकलला, हे आणखी किती प्रकारे लिहायचं?" थोरल्याने कीबोर्ड बाजूला सारला.

"अहो, सरळ लिहा ना. भावजी नाहीत म्हणून नकाशे नाहीत, नकाशे नाहीत म्हणून खेळ नाही." बायको खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. खोकी दुकानदारांनी परत पाठवलेली. ती पुन्हा कुणाला पाठवायची, देव जाणे.

प्रकाशन दोघा भावांचं. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि कुणी योद्धा, कुणी चेटकीण होऊन गोष्ट खेळायची, असल्या खेळांची पुस्तकं ते काढत. नियम थोरला लिहायचा, नकाशे धाकटा काढायचा. मग एका खेळात थोरल्याला ड्रॅगन मारायचा होता, धाकट्याला वाचवायचा, त्यावरून दोघांची जुंपली. एवढ्याशा गोष्टीवरून धाकटा घर सोडून गेला, फोन नंबरही बदलला. तेव्हापासून प्रकाशनाला उतरती कळा लागली ती लागलीच. पण थोरल्याला त्याचं एवढं नव्हतं. भाऊ परत यायला हवा होता, आणि ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

महिन्याच्या बातमीपत्रातला एकच कोपरा लोक अजून आवडीने वाचत: पडलेले वीर. खेळात कुणाचं पात्र मेलं की वाचक कळवायचे आणि थोरला त्याला चार ओळींची खट्याळ श्रद्धांजली वाहायचा. खऱ्या नावांना तिथे थारा नव्हता. टेबलावर बसलं की पात्राच्याच नावाने हाक मारायची, हा नियम त्यानेच पहिल्या पुस्तकात घातला होता आणि खेळणारे तो मनापासून पाळत.

आलेले मेल वाचता वाचता तो ताडकन उठला.

"अगं, घुबड."

घुबड हे धाकट्याचं पात्र, शाळेपासूनचं. बायको धावत आली. दोघांनी मिळून वाचलं.

‘आमचा घुबड गेला. पूल ओलांडताना लोंढ्यात सापडला. बाहेर काढला तेव्हा उशीर झाला होता. त्याचं कुणी असेल तर कळवा.’

"भावजीच हे?"

"दुसरं कोण असणार? पठ्ठ्या खेळतोय अजून. आपलं बातमीपत्रही वाचतोय. स्वतः लिहायला लाज वाटली, म्हणून दोस्तांकडून लिहवून घेतलं." थोरल्याचे डोळे भरून आले. "त्याचं कुणी असेल तर कळवा म्हणे. नाटकी कुठला."

"खाली नंबर आहे. फोन करा की."

"फोन कसला? त्याला कळेल अशा भाषेत सांगतो."

बऱ्याच दिवसांनी त्याची बोटं भराभर चालली. ‘घुबडाला पोहता येत नव्हतं, पण मिजास केवढी. बुडाला ते बरंच झालं, इथे त्याच्यासाठी कुणी रडणार नाही. जाता जाता जिंकला मात्र: ड्रॅगन वाचला.’

शेवटची ओळ वाचून बायको त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नापासून तिने नवऱ्याला कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं.

बातमीपत्र गेलं. थोरल्याने धाकट्याचं टेबल पुसलं, पेन्सिली टोकदार करून ठेवल्या. दाराशी पाऊल वाजलं की उगाच खाकरायचा. कुणी आलं नाही. फोनही आला नाही.

शेवटी बायकोला राहवेना. तिने तो नंबर लावला. थोरला शेजारी, ऐकत नसल्यासारखा.

"घुबडाला द्या जरा," ती हसत म्हणाली. "म्हणावं, वहिनी बोलतेय."



"वहिनी?" पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "घरचं तो काहीच सांगायचा नाही. खरं नावसुद्धा नाही. तुमच्या पुस्तकांबद्दल तेवढं भरभरून बोलायचा, म्हणून तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर वाचलं, आणि त्याचं खरंच कुणी नाही असं समजून काल शवागारातून ताब्यात घेऊन आम्ही तिघांनीच त्याचे अंत्यसंस्कार उरकले."