कडवळ की बाजरी

"कापून घालणार, की गाई सोडून चारणार?" बियाण्याच्या दुकानदाराने विचारलं.

"कापूनच," नवऱ्याने सांगून टाकलं. "कडवळ द्या. डोक्याएवढं वाढतं. चारा सगळ्यात जास्त त्याचाच."

बायको दुकानदाराने दिलेला चहा घेऊन बाकावर टेकली होती. दर हंगामाला तो एकटाच बी न्यायला यायचा, या खेपेला ती मागे लागून आली होती. सकाळचा चारा कापून, वाहून, गाईंपुढे टाकून आलेली. आता नुसतं बसायचेही तिला कष्ट पडत होते.

"कापायला माणसं आहेत ना?" दुकानदाराने विचारलं.

"आहेत की. घरचीच."

तिने मनातल्या मनात घरची माणसं मोजली. विळा धरणारी एकटी तीच निघाली.

"बाजरी द्या," ती म्हणाली. "बाजरी आणि चवळी. गाई उभ्या पिकातच चरतील."

तिने गाई विकायला काढल्यासारखा नवरा गर्रकन वळला. मागे एकदा कोवळं कडवळ खाऊन त्याची गाय रानातच आडवी झाली होती. उभ्या पिकात जनावर सोडायचं नाही, हा तेव्हापासून त्याचा कायदा. कायदा त्याने केला आणि पाळत आली ती.

"बाजरी कोवळी असली तरी तशी बाधत नाही, काका," दुकानदार मध्ये पडला.

"पण तुडवतील त्याचं काय? निम्मं वाया जाईल."

"जाऊ दे वाया," ती म्हणाली. "माझा खांदा वर होत नाही."

"कधीपासून?"

"मागच्या कडवळापासून."

"बोलली नाहीस ती!"

"कापणी चालू होती."

दुकानदार उगाचच मापं पुसायला लागला. नवरा तिच्या हातातल्या चहाच्या कपाकडे बघत राहिला. कप डाव्या हातात होता. हे त्याच्या आत्ता लक्षात येतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रागसुद्धा आला नाही, इतकी ती दमली होती.

"द्या बाजरी," तो पडेल आवाजात म्हणाला. "चवळीपण द्या."

दुकानदाराने दोन्ही पिशव्या एका पोत्यात घालून तोंड बांधलं. पोतं बेताचंच होतं. तिने सवयीने फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि मान ताठ करून उभी राहिली. ओझं काही आलं नाही. वळून बघते तर नवरा पोतं खांद्यावर घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरत होता.

चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून ती मागोमाग निघाली. वळणावर तो थांबला, पोतं कठड्यावर टेकवलं आणि धापा टाकत खांदा चोळायला लागला.

"बरंच जड आहे गं."

"हे तर नुसतं बी आहे," ती म्हणाली.