धुतलेलं नाणं

पारख्याने नाणं दोन बोटांत कडेला धरून दिव्याखाली जरा तिरकं केलं, आणि मग पुन्हा एकदा केलं.

उजेड नाण्यावरून गोल फिरला. चाकाचे आरे फिरावेत तसा, मध्यापासून कडेपर्यंत, कुठेही न तुटता. धुतलेल्या चांदीवर उजेड असा फिरत नाही. ती नुसती सगळीकडून सारखी चकाकते, आणि नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी तिचं मोल जातं.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. रेघा होत्या. बारीक, सगळ्या एकाच दिशेला गेलेल्या. याच रेघांच्या जोरावर तेवीस वर्षांपूर्वी नाणी जमवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत त्याने मास्तरांचं हे नाणं पाहून त्यांच्यापुढे परत सरकवलं होतं आणि हसत म्हटलं होतं, "मास्तर, घासून काढलंय की कुणीतरी!" जेमतेम अर्धं मिनिट पाहिलं असेल. तेव्हा तो नवा होता, आणि नव्या पारख्याला जिथेतिथे धुतलेलंच दिसतं. सगळे हसले होते. मास्तरही हसले होते.

आता मात्र त्याला नीट दिसत होतं. घासल्याची रेघ चांदीत आत जाते आणि वाटेतल्या अक्षरांनाही ओरबाडत पुढे जाते. या रेघा वर उठून आलेल्या होत्या, आणि प्रत्येक रेघ अक्षरापाशी येऊन थांबत होती. म्हणजे टाकसाळीत कुणीतरी नाणं पाडायचा ठसाच घासला होता. नाण्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"ते बाजूलाच ठेवा, काका," समोर बसलेली मास्तरांची मुलगी म्हणाली. मास्तर गेल्यावर ती आज पहिल्यांदाच त्यांचा संग्रह घेऊन आली होती. टेबलभर कागदी पाकिटं पसरली होती. जुन्या पाकिटांवर तिच्या आईचं गोल अक्षर होतं, पुढच्या सगळ्यांवर मास्तरांचं. या पाकिटावर मास्तरांनी एकच शब्द लिहिला होता, 'धुतलेलं'.

या एका नाण्यावरून घरात काय रामायण झालं ते विचारूच नका, ती म्हणाली. नाणं घेताना बाबांनी स्वतः तपासलेलं, तेव्हा ते चांगलं होतं. मग जे झालं ते घरातच झालं, आणि घरात घासायला-पुसायला आई एकटीच. आई शपथेवर नाही म्हणत राहिली. बाबा कधी आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी फक्त कपाटाला कुलूप घातलं. दर रविवारी दोघं मिळून नाणी लावायची, आई नाव सांगायची, बाबा लिहून घ्यायचे, की उलट, कोण जाणे; ते तेव्हापासून बंद झालं.

मग तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून आई बाहेरच बाकावर बसली होती.

"मी आईच्या बाजूने बाबांशी किती भांडले असेन. आणि शेवटी दवाखान्यात बाबा म्हणाले, आता तरी खरं सांग, मी रागावणार नाही. तर ही म्हणाली, हो, मीच धुतलं." मुलगी पाकिटं उगाच सारखी करत राहिली. "तेव्हापासून मला तिच्याशी धड बोलवत नाही."

पारख्याला गप्प बसणं सोपं होतं. नाणं पाकिटात घालायचं, पाकीट बाजूला सारायचं. मास्तर गेलेले, बैठकीतले बाकीचे पांगलेले. इतक्या वर्षांत त्याच्या शब्दावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवायला लागले होते. पहिला ठेवला होता मास्तरांनी, बायकोच्या शपथेपेक्षा जास्त. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तो नाणं घेऊन उठला. मुलगी काही न कळून मागोमाग आली. तीन पायऱ्या उतरून तो बाकासमोर उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे नाणं कुणी कधी धुतलंच नव्हतं. माझीच चूक झाली. पाहण्यात चुकलो मी."

वहिनींनी नाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला काय सांगताय, भाऊजी? मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "हिला सांगा."